उलटी वही

एक प्राथमिकच्या बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), बसायच्या आधीच सुरू, मॅडम दुसरीत एक मुलगा आहे, नवीन आलाय, तीन महिने झाले तोंडातून शब्द नाही आणि वही चक्क मागून लिहितो, शिकण्यात काही अडचण आहे का याची टेस्ट करून घ्यायची का? ही काळजी घेऊन टीचर लोक येतच असतात.

वही सोबत आणलेली. शेवटच्या पानापासून सुरू, अक्षर ओबडधोबड पण एकही ओळ सोडलेली नाही, आणि पानापानावर लाल पेनने 'वही सरळ धर'. घरची लिपी विचारली तर उजवीकडून डावीकडे लिहायची, उर्दू-अरबीसारखी. अहो, त्यांची पुस्तकं तिथूनच उघडतात! त्याच्या हिशोबाने वही सरळच होती.

आणि गप्प बसण्याचं म्हणाल तर नव्या भाषेत पडलेलं पोर आधी नुसतं ऐकत राहतं, काही आठवडे, कधी कित्येक महिने. घरी बोलतो का विचारलं, तर म्हणे आई सांगते नुसती बडबड चालू असते. मग झालं तर. घरच्या भाषेतही अडत असता तर मी आधी कान तपासायला आणि स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं असतं, वाट बघायला सांगितलं नसतं.

बाईंनी आईवडिलांना घरीही शाळेचीच भाषा बोला असं सांगून टाकलेलं, इथे मात्र मी जरा चिडलेच. त्यांनाच ती मोडकीतोडकी येते, ते पोराशी काय बोलणार, गप्पाच बंद होतील की. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स सांगतात, खेळण्याबोलण्यापुरती भाषा साधारण 2 वर्षांत येते, अभ्यासाची यायला 5 ते 7 वर्षं लागतात. आपण तीन महिन्यांत टेस्टवर आलो!

"40 पोरं आहेत, सगळ्यांच्या भाषा शिकत बसू का?" रास्त प्रश्न. नका शिकू. जिथून लिहायचं तिथे हिरवा ठिपका द्या, उत्तर बोट दाखवून दिलं तरी धरा, शेजारी एखादं बडबडं पोर बसवा, आणि वहीची मागची चार पानं त्याच्या लिपीसाठी सोडा.

दीडेक महिन्याने फोन आला. बोलला म्हणे, पण भांडताना, पाण्याच्या रांगेत पुढे घुसणाऱ्याला "माझा नंबर आहे!" असं ओरडून. आणि बाईंना हसू आवरत दोघांनाही रागवावं लागलं.