हायस्कूलमधील विद्यार्थी मंडळे कागदावर न राहता प्रत्यक्षात कशी चालवावीत?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका अनुदानित हायस्कूलमध्ये तुम्ही या वर्षी रुजू झालात आणि मंडळांची जबाबदारी तुमच्याकडे आली. यादीत निसर्ग, विज्ञान, वाङ्मय, नाट्य, संगीत अशी सात मंडळे आहेत, पण चालत एकही नाही आणि शाळा सुटल्यावर मुले थांबत नाहीत. अशा वेळी सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी डिचोली तालुक्यात चोवीस वर्षे विज्ञान शिकवले आणि त्यांतील बहुतेक वर्षे निसर्ग मंडळ सांभाळले. त्या अनुभवावरून लिहिते.

मुले थांबत नाहीत यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे बहुतेक हायस्कुले सकाळी भरतात आणि दुपारी सुटतात, शेवटची घंटा झाली की बालरथ, म्हणजे मुलांना घरी सोडणारी शाळेची बस, निघतो, आणि तो चुकला तर दूरच्या वाड्यावरच्या मुलीला कदंबच्या, म्हणजे सरकारी, किंवा खासगी बसची वाट पाहत रस्त्यावर उभे राहावे लागते. त्यामुळे 'शाळा सुटल्यावर' भरणारे मंडळ हे शाळेजवळ राहणाऱ्या किंवा घरून कुणी स्कूटर घेऊन येऊ शकेल अशा मुलांपुरतेच उरते. मंडळाची वेळ दोन घंटांच्या मध्येच असली पाहिजे. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांना ते पक्के होण्यापूर्वी भेटा आणि आठवी व नववीचे कार्यानुभवाचे तास आठवड्यातून एकदा एकाच वेळी, शक्य झाल्यास जोडून, ठेवण्याची विनंती करा. ही एक गोष्ट झाली, तर निम्मे काम झाले असे समजा.

दुसरे म्हणजे, सात मंडळे एकदम सुरू करू नका. आमच्या शाळेत एका वर्षी नऊ मंडळांचे उद्घाटन झाले, समई लावली, पाहुण्यांचे भाषण झाले, मुलांच्या खिशांना बिल्ले लागले, आणि चतुर्थीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा दोनच मंडळांची मुले जमली. बाकीच्यांचे अहवाल वर्षअखेरीस आम्ही शिक्षकांनीच लिहिले. ते लिहिताना मला फार वाईट वाटले होते, कारण जी मुले जूनमध्ये उत्साहाने नावे देऊन गेली होती, त्यांना आपण काही करायलाच दिले नव्हते. जमलेली दोन मंडळे टिकली, कारण दर आठवड्याला केलेच पाहिजे असे एक ठरलेले काम त्यांच्याकडे होते.

आमच्या निसर्ग मंडळाचे काम विहिरी मोजण्याचे होते. सुतळीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर लाल रंगाची खूण, टोकाला जांभ्या दगडाचा तुकडा, आणि एक दोनशे पानी वही, एवढेच साहित्य. प्रत्येक मुलाने आपल्या घरची किंवा शेजारची विहीर घ्यायची, शक्यतो रविवारी सकाळी घरच्यांनी पाणी उपसण्यापूर्वी मोठ्या माणसाच्या देखत कठड्यावरून दोर सोडायचा, दगड पाण्याला टेकला की कठड्यापासूनचे अंतर वाचायचे आणि मंडळाच्या तासाला ते वहीत उतरवायचे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो; सच्छिद्र जांभ्यात पाणी लवकर मुरते आणि तितक्याच लवकर उताराकडे निघूनही जाते. पुस्तकातले हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत होते. पण आठवीतली एक मुलगी फेब्रुवारीत वही पुढे करून म्हणाली, ''टीचर, आमची बांय सुकली, आनी सकयल्या वाड्यार अजून उदक आसा'' (आमची विहीर आटली, आणि खालच्या वाड्यावर अजून पाणी आहे), तेव्हा तो धडा वर्गाला खऱ्या अर्थाने समजला. त्यानंतरचे दोन तास आम्ही कुठला वाडा टेकडीवर आहे, कुठला ओहोळाकाठी आहे, कुठे कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, रोज पाणी जाते, याचा नकाशा काढण्यात घालवले.

अशा कामाला पुढे वाटही मिळते. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993 पासून भरते आणि तीत 10 ते 17 वयोगटातील मुले आपल्या परिसरातील प्रश्नावर शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प मांडतात. विहिरींची वर्षभराची वही असेल तर प्रकल्पासाठी निराळी धावपळ करावी लागत नाही. शाळांतील इको क्लबसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय हरित सेना ही योजना 2001 मध्ये सुरू झाली. तुमच्या यादीतील निसर्ग मंडळ कदाचित तिच्यातूनच आले असेल. जुन्या फायली जरूर पाहा.

दुसरे मंडळ मी तुमच्या जागी असते तर संगीत आणि नाट्य एकत्र करून चालवले असते. सत्तरीतल्या मुलांना नाटक शिकवण्यासाठी शहरातून कुणाला आणण्याची गरज नाही. रणमाले हे लोकनाट्य त्यांच्या गावात होते, जत्रेच्या नाटकाचा पडदा ओढणारी मुले तुमच्याच वर्गात बसलेली असतील, आणि चतुर्थीला घरोघरी घुमट या कातड्याने मढवलेल्या मातीच्या वाद्यावर आरत्या म्हणणारी तर नक्कीच असतील. गावातल्या एखाद्या जाणत्या वादकाला महिन्यातून एकदा बोलवा आणि मुलांना घुमट, शामेळ (त्याच्या साथीचे तालवाद्य) व कासाळे (मोठी झांज) हातात घेऊ द्या. घुमटाच्या लहान तोंडावर डावा तळवा किती झाकला की नाद कसा बदलतो, हे मुलाला आपल्या हातानेच कळते. आमच्याकडे याच तासाला एका मुलाने विचारले होते की आजोबांच्या घुमटाचे कातडे वेगळे का दिसते. ते घोरपडीचे होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे आणि आता घुमट बकरीच्या कातड्याने मढवतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून घोषित केले, हेही त्याच दिवशी मुलांना सांगता आले.

मंडळाने गुण वाढतात का, असे पालक विचारतील. गोवा बोर्डाच्या निकालात खेळाचे गुण असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. इतर मंडळांबाबत तसे आश्वासन चुकूनही देऊ नका. वर्गणीही ठेवू नका. पन्नास रुपये मागितले तरी काही मुले कारण न सांगता येणे बंद करतात, आणि आपल्याला वाटते की त्यांना आवड नाही.

दहावीच्या मुलांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. बोर्डाची परीक्षा जवळ आली की घरचे त्यांना थांबवणारच, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या तासाला दहावीचा सचिव नववीच्या मुलाला शेजारी बसवून वही समजावून देत असे: कोणती विहीर कुणाची, कोण सारखा विसरतो, कुणाच्या घरी आज्जी दोर सोडू देत नाही. तो तास मी कधीच घेतला नाही, मागच्या बाकावर बसून ऐकत असे. वही आणि कपाटाची किल्ली त्या दिवसापासून नववीकडे जाई. तुमच्याकडे या वर्षी जुना सचिव नसेल, तर आठवी-नववीतील दोन मुले निवडून पहिल्याच तासाला वही त्यांच्या हातात द्या. अक्षर वाईट असले तरी त्यांनाच लिहू द्या.