‘डिप्लोरेबल’ हा इंग्रजी शब्द रोजच्या वाक्यांत कसा वापरायचा?

तुम्ही विचारलंय की तक्रारीच्या ई-मेलमध्ये तुम्ही ‘युअर सर्व्हिस इज व्हेरी डिप्लोरेबल’ असं लिहिलंत, ते सहकाऱ्याला खटकलं, पण काय खटकलं ते त्यालाही सांगता येईना. व्याकरणाची चूक नाही. खटकतो तो ‘व्हेरी’ आणि थोडासा ‘सर्व्हिस’सुद्धा. दोन्हींकडे येते, पण आधी शब्दाचा स्वभाव बघू. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आणि या शब्दानं मला एकदा चांगलंच अडवून धरलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका वसतिगृहाच्या पाहणीचा अहवाल माझ्याकडे आला होता. त्यात एकाच पानावर हा शब्द दोनदा होता. पहिलं वाक्य असं: ‘द टॉयलेट्स वेअर इन अ डिप्लोरेबल कंडिशन.’ मी सरळ लिहून टाकलं, ‘स्वच्छतागृहांची अवस्था निंदनीय होती.’ दुसऱ्या दिवशी वाचताना दाताखाली खडा यावा तसं झालं. निंदा करायची तर समोर कुणीतरी दोषी हवा. फुटक्या फरश्यांची आणि गळक्या नळाची काय निंदा करणार? तिथे ‘शोचनीय’ हवं होतं. चार ओळी खाली दुसरं वाक्य: ‘द डिले इन रिपेअरिंग देम इज डिप्लोरेबल.’ इथे मात्र ‘निंदनीय’ अगदी चपखल बसलं, कारण दिरंगाई माणसं करतात. इंग्रजीत शब्द एकच, मराठीत मात्र दोन लागले.

म्हणजे या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक अवस्थेकडे बघतं आणि हळहळतं, दुसरं कृत्याकडे बघतं आणि दोष देतं. याचं कारण शब्दाच्या जन्मात आहे. लॅटिनमध्ये ‘प्लोरारे’ म्हणजे मोठ्यानं रडणं. काकुळतीला येऊन विनवणं या अर्थाचं ‘इम्प्लोर’ हे क्रियापदही त्याच मुळातलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजीत ‘डिप्लोरेबल’ म्हणजे रडू यावं असं काहीतरी. पुढे त्या दुःखात राग मिसळत गेला आणि आज रागाचंच पारडं जड आहे. आपल्या ‘शोचनीय’चं मूळही तसंच. संस्कृत ‘शुच्’ म्हणजे शोक करणं. एकमेकांपासून इतक्या लांबच्या दोन भाषांनी हा अर्थ रडण्यातूनच काढावा, याचं मला अजून नवल वाटतं. फरक इतकाच की मराठीनं शोक आणि निंदा यांना दोन वेगळे शब्द दिले, इंग्रजीनं एकाच शब्दात दोन्ही कोंबले.

त्यामुळे वाक्य लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी अवस्थेबद्दल बोलतोय की वागण्याबद्दल? अवस्था असेल तर ‘इन अ डिप्लोरेबल स्टेट’, ‘डिप्लोरेबल कंडिशन्स’ हे ठरलेले जोड आहेत, डोळे मिटून वापरा. ‘द रेकॉर्ड्स वेअर इन अ डिप्लोरेबल स्टेट’, म्हणजे नोंदवह्यांचे अगदी हाल झाले होते. ‘दे वर्क इन डिप्लोरेबल कंडिशन्स’, म्हणजे ती माणसं बघवणार नाही अशा परिस्थितीत काम करतात. यातल्या दुसऱ्या वाक्यात काम करणाऱ्यांना दोष नाही. उलट त्यांच्याविषयी कळवळा आहे, आणि राग आहे तो ही परिस्थिती चालू देणाऱ्यांवर. वागणं असेल तर ‘डिप्लोरेबल बिहेविअर’, ‘अ डिप्लोरेबल लॅक ऑफ केअर’, किंवा पूर्ण घटना सांगायची असेल तर ‘इट इज डिप्लोरेबल दॅट नोबडी इन्फॉर्म्ड द फॅमिली’. म्हणजे घरच्यांना कुणी साधं कळवूही नये ही किती निंद्य गोष्ट आहे. हा शेवटचा साचा फार उपयोगी आहे, कारण ‘दॅट’नंतर काय झालं ते सांगावंच लागतं. नुसता शेरा मारून सुटता येत नाही.

माणसाला मात्र हे विशेषण लावू नका. ‘ही इज डिप्लोरेबल’ व्याकरणात बसतं, पण त्यात कृत्याऐवजी आख्खा माणूसच टाकाऊ ठरतो. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतलं आहे. ९ सप्टेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमधल्या निधी-संकलनाच्या कार्यक्रमात हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांचे अर्धे समर्थक ‘बास्केट ऑफ डिप्लोरेबल्स’मध्ये टाकता येतील असं म्हटलं. विशेषणाला ‘एस’ लावून त्याचं नाम केलं, आणि वागण्यावरचा शेरा माणसांच्या माथी बसला. ‘अर्धे’ म्हटल्याबद्दल त्यांनी दुसऱ्याच दिवशी खेद व्यक्त केला, पण तोवर शब्द हातचा गेला होता. ट्रम्प यांच्या समर्थकांनी तोच शब्द टी-शर्टवर छापून अभिमानानं मिरवला. तेव्हापासून नाम म्हणून हा शब्द लिहिला की त्या निवडणुकीची आठवण येतेच. रोजच्या लिखाणात ते टाळलेलंच बरं.

क्रियापदही तसंच आहे. ‘आय डिप्लोअर युअर डिसिजन’ चालतं, ‘आय डिप्लोअर यू’ नाही चालत. या क्रियापदाचं खरं घर म्हणजे सरकारी निवेदनं आणि संयुक्त राष्ट्रांचे ठराव. तिथे एकेक क्रियापद तोलून ठेवलेलं असतं: ‘रिग्रेट’ म्हणजे खेद, ‘कन्डेम’ म्हणजे धिक्कार, आणि ‘डिप्लोअर’ या दोघांच्या मध्ये. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरच्या आक्रमणाबद्दल आमसभेनं जो ठराव केला, त्यातही रशियाच्या आक्रमणासाठी क्रियापद ‘डिप्लोअर्स’ हेच आहे, फक्त पुढे ‘इन द स्ट्राँगेस्ट टर्म्स’ जोडून त्याला धार दिली आहे. हे सांगायचं कारण असं की हा शब्द औपचारिक आहे. तो घरगुती भांडणात फेकायचा शब्द नव्हे. मित्राला पाठवायच्या मेसेजमध्ये तो उगाच जड होतो, तिथे साधं ‘टेरिबल’ पुरतं.

आता ‘व्हेरी’. ‘डिप्लोरेबल’ आधीच टोकाचा शब्द आहे, त्यात ‘अत्यंत’ मुरलेलंच असतं. ‘खूप अफाट’ म्हटल्यावर कानाला जसं लागतं तसंच ‘व्हेरी डिप्लोरेबल’ लागतं. जोर द्यायचाच असेल तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ किंवा ‘ट्रूली’ घ्या. पण माझा अनुभव असा की ‘डिप्लोरेबल’ एकटा असताना जास्त लागतो. उच्चारात जोर ‘प्लो’वर द्या, ‘डि’वर नाही. आणि टाइप करताना जपून, कारण एखाद्या अक्षराची चूक झाली की ‘डिप्लॉयेबल’ होतं, म्हणजे तैनात करता येण्याजोगं. तक्रारीत ते वाचणारा चक्रावून जाईल.

जवळचे शब्दही थोडक्यात सांगते, कारण अनेकदा तेच हवे असतात. किळस आली असेल तर ‘डिस्गस्टिंग’, त्याच्या मुळाशी चव आहे. ऐकून धक्का बसला असेल तर ‘अपॉलिंग’, त्याच्या मुळाशी चेहरा पांढरा पडणं आहे. ‘पथेटिक’ मात्र तक्रारीच्या पत्रात मी तरी कधीच लिहिणार नाही. त्यात समोरच्याची कीव करून त्याला खाली दाखवणं असतं, आणि तसं वाचल्यावर माणूस काम करण्याऐवजी भांडायला उठतो.

राहिला तुमचा ‘सर्व्हिस’. ‘युअर सर्व्हिस’ म्हटलं की त्यांची सगळीच सेवा आली, आणि मग समोरच्याला ‘आम्ही लक्ष घालू’ असं गुळमुळीत उत्तर देऊन मोकळं होता येतं. नेमकं काय घडलं ते नाम म्हणून पुढे आणा: ‘द वे माय कम्प्लेंट वॉज हँडल्ड’, किंवा ‘द लॅक ऑफ एनी रिप्लाय’. त्याआधी वस्तुस्थितीचं एक वाक्य टाका. तुम्ही लिहिलंय की तीन आठवड्यांत चार ई-मेल पाठवले आणि एकाचंही उत्तर आलं नाही. मग तेच लिहा: ‘आय हॅव रिटन फोर टाइम्स इन थ्री वीक्स. द लॅक ऑफ एनी रिप्लाय इज डिप्लोरेबल.’ एवढ्यावर पूर्णविराम द्या. उद्गारचिन्ह नको, मोठी अक्षरंही नकोत. त्याच्या खाली उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख लिहा आणि पाठवून द्या.