शिरोलीतून जर्मनीला जा, पण घर गहाण टाकून नको

भावा, तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. वय २७. शिवाजी विद्यापीठाची मेकॅनिकलची डिग्री, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटीला पाच वर्षं, हातात महिन्याला ३२ हजार. वडिलांचा तीन एकर ऊस आणि कसबा बावड्यात राहतं घर. पुण्यातला एक एजंट सहा लाखांत जर्मनीत 'गॅरंटीड जॉब' देतो म्हणतोय. दुसरा तिथल्या खासगी विद्यापीठात मास्टर्सला घालतो म्हणतोय, बावीस लाख खर्च, त्यासाठी घर तारण. आणि बेत असा की पाच-सहा वर्षं कमवून परत यायचं आणि गोकुळ शिरगावला स्वतःचं मशीन शॉप टाकायचं.

मी श्टुटगार्टच्या बाजूला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. उद्यमनगरात उमेदवारी केलेला माणूस आहे, त्यामुळे तुझं शॉप फ्लोअर मला डोळ्यांसमोर दिसतं.

तुझ्या बेताचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि दोन्ही एजंटांनी ते ऐकूनच घेतलं नसणार. ज्याला परत येऊन धंदा करायचाय त्याचं घर मोकळं राहिलं पाहिजे. उद्या व्हीएमसीसाठी (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनसाठी) टर्म लोन मागायला, वर कॅश क्रेडिटची लिमिट मागायला बँकेत जाशील, तेव्हा साहेब पहिल्यांदा विचारणार, तारणाला काय आहे? सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला मिळणारी सरकारी हमी असते, तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं हे कागदावर खरं आहे. पण कोल्हापुरात धंदा केलेल्या कुणालाही विचार, शाखेत गेल्यावर बोलणं मिळकतीच्या उताऱ्यापाशीच येतं. तुझ्या घरात एकच मिळकत आहे. ती मास्टर्सला अडकवलीस तर मशीनच्या वेळी हात रिकामे.

सहा लाखवाल्याचा विषय दोन वाक्यांत संपतो. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला भारतात १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशगमन) कायद्याखाली नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव आहे का बघ, आणि नसेल तर चहा पिऊन बाहेर ये.

आता रस्ते. तुझ्यासारख्याला तीन आहेत, मी पसंतीच्या क्रमानं सांगतो.

पहिला, कोल्हापुरात बसूनच नोकरी मिळवून ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधरांना मिळणाऱ्या काम-रहिवास परवान्यावर येणं. त्याला पगाराची अट आहे: २०२५ साठी वर्षाला ४८,३०० युरो, आणि अभियंत्यांसारख्या माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांना ४३,७५९ युरो ८० सेंट. दर जानेवारीला आकडा वर सरकतो, त्यामुळे अर्ज करताना चालू वर्षाचा बघ. डिग्री इथं मान्य आहे का ते अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये फुकट बघता येतं. विद्यापीठासमोर एच प्लस (मान्यतेची खूण) आहे का आणि तुझी डिग्री यादीत आहे का, दोन्ही तपास. कंपनीला घाई असेल तर ती इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून जलद प्रक्रिया सुरू करू शकते, त्याची सरकारी फी ४११ युरो. हे मुद्दाम सांगतोय, कारण मुलाखतीत 'तुम्हाला आणायला किती वेळ लागेल' असं विचारलं की अर्धे लोक गप्प बसतात. तुला उत्तर माहीत असलं पाहिजे.

दुसरा, चान्सेनकार्टे, म्हणजे नोकरी शोधायला येण्याचा परवाना. जून २०२४ पासून सुरू झालंय. इकडे येऊन एक वर्ष नोकरी शोधता येते आणि तेवढ्यात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. डिग्री पूर्ण मान्य असेल तर गुणांची भानगडच नाही. नसेल तर किमान सहा गुण लागतात. वय पस्तिसाच्या आत म्हणून दोन, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव म्हणून तीन, आणि जर्मन ए२ असेल तर एक (ए१, ए२, बी१ या भाषेच्या चढत्या पातळ्या). म्हणजे तू बसतोस. मात्र २०२५ च्या नियमानं महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३ हजारांवर युरो, ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर तेरा लाख. हे पैसे तुझेच असतात, दरमहा थोडे थोडे सुटतात. पण वर्षभरात नोकरी नाही लागली तर ते खाऊन परत यायचं, हे घरी आधी स्पष्ट सांग. उसनवारीवर हा रस्ता धरू नकोस.

तिसरा, मास्टर्स. करायचंच असेल तर सरकारी विद्यापीठात कर. बहुतेक राज्यांत फी नाही, फक्त सेमिस्टरचं किरकोळ शुल्क. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे माझ्या राज्यात, युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो घेतात. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे आणि एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र आधी काढायचं. बावीस लाखांचं खासगी विद्यापीठ कशासाठी? ज्याला सरकारी ठिकाणी प्रवेश मिळत नाही त्याला विकण्यासाठी. पाच वर्षं फाउंड्रीत काढलेल्या माणसाला मास्टर्सची गरज मला तरी वाटत नाही.

तिन्ही रस्त्यांवर जकात एकच, जर्मन भाषा. मोठ्या शहरांतल्या सॉफ्टवेअरवाल्यांचं इंग्रजीत भागतं. शॉप फ्लोअरवर भागत नाही. पहाटेच्या पाळीला बोअरचा साइज आउट गेला की ऑपरेटर तुझ्याशी श्वाबी बोलीतच बोलणार, आणि ती तर बर्लिनवाल्यालाही धड कळत नाही. बी१ तिथूनच करून ये. शिवाजी विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात जर्मन शिकवतात, परीक्षेला पुण्याचं मॅक्सम्युलर भवन आहे. नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष धर. हा खर्च हजारांत आहे, लाखांत नाही, आणि पगाराच्या बोलणीत सगळ्यात जास्त परतावा हाच देतो. कायम रहिवासाचंही तसंच. ब्लू कार्डवाल्याला ए१ असेल तर २७ महिन्यांनी अर्ज करता येतो, बी१ असेल तर २१.

पैशाचं बोलू. ५०,००० युरो पगार ऐकून पन्नास लाख झाले असं घरी सांगू नकोस, भावकीत अफवा पसरते आणि मग प्रत्येक लग्नाला तुझ्याकडूनच आहेर मोठा लागतो. महिन्याला ४,१६७ युरो येतात. त्यातून पेन्शनला ९.३ टक्के, बेकारी विम्याला १.३, आरोग्य विम्याला साडेआठच्या आसपास, शुश्रूषा विम्याला मूल नसलेल्याचे २.४. मग आयकर. एकट्या माणसाच्या हातात २,६०० ते २,७०० युरो पडतात. गरम पाण्यासकट एका खोलीच्या घराचं भाडं इकडे ९०० धर. खाणं ३००, देशभर चालणारा लोकल प्रवासाचा पास २०२५ साली ५८ युरो, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६, तू टीव्ही बघ अगर बघू नकोस. वीज, फोन, विमा धरून पंधराशेपर्यंत जातं. म्हणजे नीट राहिलास तर महिन्याला लाखभर रुपये मागे पडतात. वाईट नाही, पण पहिल्या वर्षी तेवढेही पडणार नाहीत. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं डिपॉझिट कायद्यानं घेऊ शकतो. आणि घर बघायला गेलास की स्वयंपाकघरात फक्त भिंतीतून आलेले दोन नळाचे पाइप आणि शेगडीची वायर दिसेल. ओटा, बेसिन, कपाटं आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो. 'किचनसकट' असं लिहिलेली जाहिरात बघ, नाहीतर ते तुझ्या खिशातून.

नोकरी गेली तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. प्रोबेशन सहसा सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. बेकारी भत्ता मिळायला मागच्या तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला लागतो, म्हणजे पहिल्या वर्षी तो नाही. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत घरी पैसे पाठवायचे नाहीत, कुणी कितीही रुसलं तरी. गाड्यांचा धंदा इथं सध्या मंद आहे हेही डोक्यात ठेव. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० हून जास्त नोकऱ्या कमी करण्याचा करार केला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफनं त्याच वर्षी १४,००० पर्यंत कपात जाहीर केली. तू कास्टिंगमधला आहेस, म्हणून फक्त गाडीवाल्यांकडे अर्ज करू नकोस. पंप, व्हॉल्व्ह, रेल्वे, हायड्रॉलिक्स, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या छोट्या कौटुंबिक कंपन्या बघ. नावं कुणी ऐकलेली नसतात, पण कास्टिंगची पोरोसिटी (आतली बारीक छिद्रं) डोळ्यानं ओळखणारा माणूस त्यांना हवा असतो.

आता मशीन शॉपचं. इकडे येऊन पैसा जमवणं हा निम्मा भाग झाला. कोल्हापुरात मशीन चालवणारे हात कमी नाहीत, कमी पडतो तो कागद. आमच्याकडे एक नवा सप्लायर आला की पहिल्या लॉटबरोबर मोजमापांचा पूर्ण तक्ता मागतात, प्रत्येक परिमाणाला ड्रॉइंगवरच्या फुग्याचा (गोलातला) नंबर, कुठल्या गेजनं मोजलं, त्या गेजचं कॅलिब्रेशन कधी संपतं. एकदा भारतातून आलेले नमुने मापात अगदी चोख होते, पण तक्त्यात सगळ्या नगांचं माप शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं लिहिलेलं. आमच्या म्हाताऱ्या निरीक्षकानं चष्मा कपाळावर सरकवला आणि लॉट न मोजता बाजूला ठेवायला सांगितलं. मोजलेलंच नाही हे त्याला कागदावरून कळलं. पीपॅप (नवा भाग मंजूर करून घेण्याची कागदपत्रं), व्हीडीए ६.३ चं (जर्मन गाडी उद्योगाच्या पद्धतीचं) ऑडिट, आठ-डी (दोषाचं कारण आणि उपाय सांगणारा) रिपोर्ट, हे टेबलाच्या या बाजूला बसून शिक. पर्चेसवाल्यांशी ओळख ठेव. परत गेल्यावर तुझा पहिला ग्राहक तिथूनच येईल. मात्र ब्लू कार्डवर असताना बाजूला एजन्सी किंवा गेवेर्बे (स्वतःचा धंदा) सुरू करायचं असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी आधी घे.

निघण्यापूर्वी कोल्हापुरातली कामं. बचत खातं एनआरओ (अनिवासीचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं) करून घ्यावं लागतं, तसंच चालू ठेवणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या नियमात बसत नाही. इकडची कमाई एनआरईमध्ये (परदेशी कमाईच्या खात्यात) पाठव, त्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण जर्मनी तुझं जगभरचं उत्पन्न बघते, तेव्हा इथल्या विवरणात ते दाखवायचं. पीपीएफ आहे ते मुदतीपर्यंत चालेल, नवीन उघडता येत नाही. अनिवासी झालास की शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली ठेवता येते. वडील शेजारचा तुकडा तुझ्या नावावर घ्यायचा विचार करत असतील तर व्यवहार तू भारतात असतानाच उरक. आईवडिलांना इथल्या आरोग्य विम्यात घेता येत नाही, त्यांची पॉलिसी तिकडेच काढ आणि पहिला हप्ता जाण्याआधी भर.

लग्नाचं बघतायत म्हणालास. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून तिला नोकरी करता येते. पण भाषा येत नसेल तर ही मुभा कागदावरच राहते, तेव्हा क्लासला दोघं जा.

पेन्शन बुडेल ही भीती सोड. ६० महिने भरले की हक्क लागतो, आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, त्यात दोन्हीकडचा काळ जोडून धरतात.

सीव्ही मला पाठव. दोन पानांत, जन्मकुंडली नको, वडिलांचा व्यवसाय नको. 'हार्डवर्किंग' वगैरे काढ आणि त्या जागी लिही: कुठल्या धातूची कास्टिंग, किती किलोपर्यंत, रिजेक्शन किती होतं आणि तुझ्या कामानं किती झालं. सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशीनवर) हात बसलाय म्हणालास, तर मशीनचं मेक आणि सॉफ्टवेअरचं नाव लिही. अनुभवाचा दाखला फाउंड्रीच्या लेटरहेडवर, कामाच्या तपशिलासकट, राजीनामा द्यायच्या आधी मागून घे. नंतर मालकाचा मूड कसा असेल सांगता येत नाही.