विश्वास आहे, तरी भीती का वाटते?

"मॅडम, मी लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढले. रोज शास्त्र वाचते, प्रार्थना चुकवत नाही. तरी रात्री छातीत धडधडतं, हात गार पडतात. मग माझा विश्वास खोटा का?"

नगरमध्ये समुपदेशनाला बसल्यापासून हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. इथे मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. त्यामुळे चार-पाच पिढ्या ख्रिस्ती असलेली घरं या गावात पुष्कळ आहेत आणि अशा घरांत भीती बोलून दाखवणं जास्त जड जातं. पाळकसाहेब काय म्हणतील, महिला मंडळात काय बोलतील, याचंच दडपण असतं. ज्या ताईंबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई सत्तेचाळीस वर्षांच्या, पेशानं नर्स. मुलगा चाकणला कंपनीत, दर शनिवारी शिफ्ट संपली की मोटरसायकलवरून घरी येणारा. तो निघाला की ताईंची प्रार्थना सुरू व्हायची. शिक्रापूर आलं असेल, रांजणगाव, शिरूर, सुपा... प्रत्येक गावाला एक प्रार्थना. मधेच कुकरची शिट्टी झाली आणि शब्द तुटला, तर पहिल्यापासून. "अर्धी राहिली आणि त्याला काही झालं तर?" असं त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. सोबत शाळेची दुरेघी वही आणली होती. तिच्यात एकच वचन पानांमागून पानं लिहिलेलं होतं: "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका." पहिल्या पानांवर अक्षर टपोरं आणि सुबक होतं. शेवटच्या पानांवर पेन इतकं दाबलेलं की कागद मागून उठला होता.

ईसीजी, थायरॉईड, सगळं तपासून झालं होतं, काही निघालं नव्हतं. एका प्रार्थनासभेत कोणीतरी सांगितलं, "विश्वास कमी पडतोय, बाई." त्यानंतर ताईंनी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली प्रभूच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षरस, घेणं बंद केलं. ताट समोर आलं की मान खाली घालून पुढच्या बाकाकडे सरकवायच्या. हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. घाबरलेल्या माणसाला ज्या मेजाची सर्वांत जास्त गरज, तिथूनच ताई उठून गेल्या होत्या.

मी वही मिटली आणि विचारलं, "हे वचन लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला कधी चिंता वाटली असेल का?" त्या म्हणाल्या, "छे!" मग आम्ही करिंथकरांस दुसरं पत्र, अकरावा अध्याय काढला. फटके, दगडमार, तीनदा फुटलेलं तारू, हे सगळं सांगून झाल्यावर अठ्ठाविसाव्या वचनात पौल म्हणतो की सर्व मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते. मूळ ग्रीकमध्ये तो तिथे जो शब्द वापरतो, त्याच शब्दाचं क्रियापद ताईंच्या वहीतल्या, फिलिप्पैकरांस पत्रातल्या वचनात आहे. चिंता करू नका म्हणणारा माणूस स्वतःची चिंता उघड लिहून ठेवतो, आणि ते पत्र आपण पवित्र शास्त्र म्हणून वाचतो. ताई त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसल्या.

त्या वचनाचं पुढचं अर्धं त्यांच्या वहीत कुठेच नव्हतं. तिथे प्रार्थना आणि विनंती करून आपली मागणी देवाला कळवा असं सांगितलं आहे. म्हणजे जे मनात आहे ते सांगा. ताई मात्र देवाला काही सांगतच नव्हत्या. त्या मुलावर पहारा देत होत्या आणि त्या पहाऱ्याला प्रार्थना म्हणत होत्या. कुलूप लावलं की नाही हे दहादा बघणाऱ्या माणसाला जसं क्षणभर बरं वाटतं आणि लगेच शंका येते, तसंच हे चाललं होतं. जितक्यांदा तपासावं तितकी भीती मुरत जाते.

तिसऱ्या भेटीत कारण हाती लागलं. वर्षभरापूर्वी रात्रपाळीला कॅज्युअल्टीत अपघाताची केस आली होती. मुलगा त्यांच्याच मुलाच्या वयाचा. तो वाचला नाही. नातेवाईक त्याला घेऊन गेल्यावर स्ट्रेचरखाली एक बूट राहिला होता, तो ताईंनी उचलून पिशवीत ठेवला आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. त्या रात्रीबद्दल त्या कोणाशीही बोलल्या नव्हत्या. घरीही नाही, देवाशीही नाही.

मी त्यांना तेरावं स्तोत्र वाचायला दिलं. सहाच वचनांचं, पण त्यात स्तोत्रकर्ता देवाला चारदा विचारतो, कोठवर? आपल्या शास्त्रात अशी गाऱ्हाण्याची स्तोत्रं कितीतरी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. त्याच धर्तीवर स्वतःचं काही लिहा म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी एकच ओळ आणली: "देवा, मला त्या पोराचा बूट दिसतो." ती वाचताना त्या रडल्या, आणि मी त्यांना रडू दिलं.

बाकीचं काम साधं होतं, पण चिकाटीचं. मुलगा निघताना एकदा प्रार्थना करायची, आमेन म्हणायचं, आणि शिट्टी झाली तरी पुन्हा सुरुवात करायची नाही. फोन करावासा वाटला तर आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस, मग अर्धा तास. पहिले दोन शनिवार फार वाईट गेले, हे सांगायलाच हवं. श्वास सावकाश सोडायची सवय लावायची होती, पण आकडे मोजून त्यांना जमेना. मग मी म्हटलं, गाणं म्हणा. आजीकडून आलेली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं त्यांना तोंडपाठ होती. संथ चालीत एक ओळ म्हणायची तर श्वास आपोआप लांब सुटतो, आणि श्वास लांबला की धडधड उतरते.

औषधाला त्या आधी तयार नव्हत्या. "गोळी घेतली म्हणजे देवावर भरवसा नाही असं नाही का होत?" मी विचारलं, "वॉर्डात इन्सुलिन देताना तुम्ही पेशंटसाठी प्रार्थना करता ना? तिथे दोन्ही चालतं, मग इथे का नाही?" पौलाबरोबर फिरणाऱ्या लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो, हेही त्यांना आठवलं. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. फरक जाणवायला काही आठवडे गेले. हे वाचणाऱ्या कोणाची झोप, जेवण, काम भीतीमुळे बंद पडत असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट मात्र मी आग्रहानं सांगते. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवानं बोल लावला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. आणि गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशू व्याकूळ झाला तेव्हा त्यानं मित्रांना म्हटलं, "माझ्याबरोबर जागे असा." त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? ते मित्र झोपी गेले. आपण झोपू नये, म्हणून मी हे लिहिते आहे. पुढच्या वेळी कोणी बाई सभेत म्हणाली की मला भीती वाटते, तर तिला वचन ऐकवण्याआधी तिच्या शेजारी बसा.

ताई पुन्हा प्रभुभोजन घेऊ लागल्या. भीती येते अजून, पण पूर्वीसारखी रात्रभर ठाण मांडत नाही. गेल्या महिन्यात एका शनिवारी मुलाचा फोन बंद लागला. साडेनऊ वाजले, दहा वाजले. हात गार पडले. ताईंनी एकदा प्रार्थना केली आणि शेजारच्या जाऊबाईंचं दार वाजवलं. "मला फार भीती वाटतेय. येऊन बसता का?" इतक्या वर्षांत हे वाक्य त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. दोघी ओट्याशी मेथी निवडत बसल्या, मधेच जाऊबाईंनी एक गीत धरलं.

पावणेअकराला मोटरसायकल वाजली, तोवर दोन जुड्या निवडून झाल्या होत्या. "उशीर का झाला ते मी विचारलंच नाही," ताई मला सांगत होत्या. "आधी जेवायला वाढलं."