शाळूच्या कोठीला घाम का फुटतो?

प्रश्न : मार्चमध्ये शाळू (रब्बीची ज्वारी) दोन दिवस कडक उन्हात वाळवून तसाच पत्र्याच्या कोठीत भरला. श्रावणात पत्र्याकडेचे दाणे ओलसर, कुबट झाले, सोंडे पडले. ऊन देऊन पुन्हा भरला, तर महिन्याभरात पुन्हा तेच. कोठीत कीड मारायची विषारी गोळी ठेवावी का? (एक वाचक, राधानगरी तालुका)

उत्तर : गोळी अजिबात नको. तिच्यातून सुटणारा फॉस्फिन वायू राहत्या घरात माणसांचा जीव घेतो.

दाणे तापलेले असतानाच कोठी भरली, हे चुकलं. आतली ऊब गार पत्र्याला लागली की वाफेचं पाणी होतं. ताडपत्रीवर वाळवलेला शाळू सावलीत पूर्ण निवू द्या, मगच भरा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. खात्रीसाठी काचेची कोरडी बाटली तिसरा हिस्सा दाण्यांनी भरा, तव्यावर कोरडं केलेलं दोन-तीन चमचे मीठ टाकून मिनिटभर हलवा आणि पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी आणखी एक ऊन द्याच. साठवणीला 12 टक्क्यांच्या आसपास ओल हवी.

सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. ऊन लागल्यावर वरचे किडे पळाले, आतल्या अळ्या तशाच राहिल्या. हवा तुटली की त्या मरतात. म्हणून कोठी गळ्यापर्यंत भरा, झाकणाची फट चिकटपट्टीने बंद करा आणि दीड-दोन महिने उघडू नका. रोज भाकरीपुरतं काढायला कोठी उघडली की आत नवी हवा जाते, सगळी मेहनत वाया! तेवढ्या दिवसांचा शाळू आधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवा. कोठी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब असावी. बुरशी धरलेले दाणे जनावरांनाही घालू नका.

प्रश्न : हरभऱ्याला भुंगा लागतो. कडुलिंबाचा पाला पुरेल का? (एक वाचक, कागल)

उत्तर : नुसत्या पाल्यावर भरवसा ठेवू नका. खायच्या हरभऱ्याची पावसाळ्याआधीच डाळ करा. भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, डाळीला सहसा लागत नाही. बियाण्यासाठी तिहेरी थैली उत्तम. कॅमेरूनमध्ये ती चवळीसाठीच तयार झाली : आत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर पोतं. हवा दाबून काढा, प्रत्येक पिशवीचं तोंड पिळून, दुमडून वेगवेगळं बांधा. उंदराने एक भोक पाडलं तरी थैली निकामी, तेवढं जपा.