ॲनिमेशनच्या विद्यार्थिनीने मुदत ठेव मोडावी का?

मुलुंडच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ॲनिमेशनच्या पदविकेचे तिचे शेवटचे वर्ष चालू असून कॅरेक्टर ॲनिमेशनमध्ये, म्हणजे पात्रांना हालचाल देण्याच्या कामात, उतरण्याची तिची इच्छा आहे. वडिलांनी तिच्या नावे ठेवलेली ३ लाख रुपयांची मुदत ठेव मोडून १ लाख ६० हजारांचा नवा संगणक घ्यावा, ६० हजारांचा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा आणि ४५ हजार देऊन शोरील (स्वतःच्या निवडक कामाची छोटी चित्रफीत), संकेतस्थळ व छापील पोर्टफोलिओ बाहेरून तयार करून घ्यावा, असा तिचा विचार आहे. ठेव तीन वर्षांची आणि ७ टक्के व्याजाची असून तिची दोन वर्षे पूर्ण झाली आहेत.

ठेव मोडू नये आणि शोरील दुसऱ्याकडून करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रावर आणि शिक्षणावर मात्र खर्च जरूर करावा, पण तुम्ही मांडला आहे त्याच्या निम्म्यापर्यंतच.

आधी ठेवीचा हिशेब पाहू. आज ठेव मोडली आणि बँकेने दंडापोटी एक टक्का व्याज कमी दिले, तरी मागील दोन वर्षांच्या व्याजातून सुमारे ६,७०० रुपये जातील. त्याऐवजी याच ठेवीवर ओव्हरड्राफ्टची, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचलण्याची, सोय घ्यावी. बहुतेक बँका ठेवीच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देतात, व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लावतात आणि ते केवळ उचललेल्या रकमेवर लागते. समजा, तुम्ही १ लाख १५ हजार उचलले आणि वर्षभर एक रुपयाही परत केला नाही, तर ८ टक्के दराने साडेनऊ हजारांच्या आसपास व्याज होईल. परंतु तेवढ्याच रकमेवर तुमची ठेव ७ टक्के मिळवत राहणार असल्यामुळे प्रत्यक्ष भार फारच थोडा पडतो. मुदत संपल्यावर येणाऱ्या सुमारे ३ लाख ६९ हजारांतून सर्व देणे फेडले तरी २ लाख ४० हजारांहून अधिक हातात राहतात. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांचा विचारही करू नका. थकलेल्या बाकीवर तिथे वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहूनही अधिक व्याज लागते.

संगणकाबाबत. कॅरेक्टर ॲनिमेशनला महागड्या ग्राफिक्स कार्डापेक्षा चांगला प्रोसेसर आणि पुरेशी रॅम अधिक उपयोगी पडते. लाइटिंग किंवा इफेक्ट्सकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला मी वेगळे उत्तर दिले असते. तुमचा सध्याचा डेस्कटॉप सुधारता येत असेल, तर लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन दुकानांतून लेखी दर घ्या, पेन टॅबलेट धरून सर्व खर्च ८० हजारांच्या आत बसवा आणि हमीपत्रासह जीएसटीचे पक्के बिल घ्या. सॉफ्टवेअरवर आज खर्च करण्याची गरज नाही. माया या ॲनिमेशन सॉफ्टवेअरचा शैक्षणिक परवाना विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतो, मात्र त्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही, हे पहिले बाहेरचे काम स्वीकारताना लक्षात असू द्या. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरला ती अट नाही.

आता शोरील. गोरेगाव-अंधेरीच्या स्टुडिओंत उमेदवारांचे काम पाहणारे काही जण माझे ग्राहक आहेत, आणि त्यांच्याशी बोलून माझे मत पक्के झाले आहे की तिथे चकचकीत शीर्षके आणि संगीत कोणी पाहत नाही. जमिनीवरची माशांची पाटी उचलून डोक्यावर घेणारी कोळीण तुम्ही ॲनिमेट केली असेल, तर पाटी सुटण्याआधी तिचे गुडघे वाकतात का, वजन कमरेवर येताना पाठ किंचित मागे जाते का, पाटी डोक्यावर स्थिरावल्यावर मान क्षणभर दबते का, हे ते पाहतात. अशा एका शॉटवर तीन आठवडे घालवणे हीच तुमची खरी गुंतवणूक आहे, आणि ती ४५ हजार देऊन विकत मिळत नाही. सर्वांत चांगला शॉट सुरुवातीला ठेवा, एकूण लांबी दीड-दोन मिनिटांपुढे नेऊ नका, आणि गटाने केलेल्या कामात मॉडेल कोणाचे, रिग (पात्र हलवण्यासाठीचा आतला सांगाडा) कोणाचे व तुमचा भाग कोणता हे पडद्यावर लिहा. संकलनाला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. स्वतःच्या नावाचे डोमेन, नेटकी पीडीएफ आणि थोडी व्हिजिटिंग कार्डे मिळून ५ हजारांत भागते. जाड छापील पोर्टफोलिओ अजिबात नको, कारण हालचाल कागदावर दिसत नाही.

अभ्यासक्रमात केवळ आधी चित्रित केलेली व्याख्याने असतील, तर ६० हजार देऊ नका. अनुभवी ॲनिमेटर तुमचा शॉट दर आठवड्याला तपासून त्यावर खुणा करून देणार असेल, अशा लहान वर्गासाठी ३० हजारांपर्यंत खर्च करणे मला योग्य वाटते. पैसे भरण्यापूर्वी अशा तपासणीचा एक नमुना पाहायला मागा.

ओव्हरड्राफ्टची उरलेली मर्यादा मोकळी ठेवा. घरी राहूनही रेल्वेचा पास, जेवण, फोन मिळून महिना १२ हजार धरले, तर सहा महिन्यांचे ७२ हजार होतात, आणि या क्षेत्रातील सुरुवातीच्या नोकऱ्या अनेकदा एका प्रकल्पापुरत्या असल्यामुळे ही तरतूद तुम्हाला कुठलेही काम मिळेल त्या दराने घेण्यापासून वाचवील. कंत्राटी कामाच्या मोबदल्यातून बहुधा १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला जाईल. वर्षाचे उत्पन्न करपात्र नसले तरी तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते, म्हणून प्रत्येक स्टुडिओकडून टीडीएसचे प्रमाणपत्र वेळच्या वेळी मागून घ्या.