फाइल आधी आपल्याच टेबलावर अडते

जळगाव

प्रिय,

अनुदान देणाऱ्या संस्थेत कार्यक्रम सहायक म्हणून रुजू होते आहेस. तुझ्या पदाच्या नावातलं 'सहायक' आपल्या अनुदानावर काम करणाऱ्या, सातपुड्यातल्या धडगावच्या गटाला दिसत नाही. आपलं विश्वस्त मंडळ त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. फोन उचलणारी, कागद परत पाठवणारी, 'हप्ता निघाला' म्हणून कळवणारी तू असतेस, तेव्हा त्यांच्या लेखी संस्था म्हणजे तूच. म्हणून प्रत्येक नवा फॉर्म किंवा नवी अट आली की आधी विचार: आपली सोय झाली, पण हा भार आता कुणाच्या डोक्यावर गेला?

सर्वांत आधी कॅलेंडर. आपलं वर्ष मार्चला संपतं, सातपुड्याचं नाही. दिवाळी झाली की पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. होळीला माणसं परततात, पण भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधीच्या आदिवासी जत्रेच्या) आठवड्यात विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे अनुदान ठरल्या कामाला खर्च झाल्याच्या दाखल्यावर, सही मागायला फोन केलास तर कुणी उचलणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पावसाळ्यात घाटात दरड आली की एसटी अर्ध्यातून वळते. तेव्हा भेटी पावसानंतर दिवाळीपर्यंत, नाहीतर होळीनंतर मेच्या मध्यापर्यंत. जळगावहून धडगावला जाऊन त्याच दिवशी परतायचा बेत आखूच नकोस. पैसे मात्र मेअखेरीस गटाच्या खात्यावर पडलेले हवेत. अनुदान मंजूर करणाऱ्या आपल्या समितीची बैठक जूनमध्ये, करार जुलैत, हप्ता ऑगस्टमध्ये असं झालं की पावसाळ्याचे तीन महिने कार्यकर्ते उसनवारीवर काढतात. बैठकीची तारीख तू ठरवत नाहीस, पण अजेंडा तू टाइप करतेस. फेब्रुवारीतच आठवण कर.

आता कागद. हप्ता अडतो तो बहुतेक वेळा नावामुळे. आपल्याकडे निम्म्या संस्था 'बहुउद्देशीय'. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग नोंदणीपत्रावर एक, पॅनवर दुसरं, पासबुकात नुसतं 'बहु.' आणि पुढे टिंब. त्यामुळे अर्ज आला त्याच दिवशी नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि कॅन्सल चेक शेजारी-शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळव. करार झाल्यावर हे सापडलं तर दुरुस्तीत महिना जातो. आयएफएससी कोड जुन्या लेटरहेडवरून कधीच घेऊ नकोस. देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात विलीन झाली, कोड बदलले, छापून ठेवलेली लेटरहेडं तशीच राहिली. मोठी रक्कम सोडण्याआधी १ रुपया पाठव, तो पोचल्याचं फोनवर विचार, मग उरलेली.

दुसरी अडचण परिशिष्ट १ ची, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्याची. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाकायचा असतो. संस्था तो टाकतात, पण निर्णयाला वेळ लागतो, आणि तोवर उताऱ्यावर दिवंगत अध्यक्षांचंच नाव राहतं. अशा वेळी अर्ज दाखल केल्याची पोच आणि सर्वसाधारण सभेचा ठराव फाइलला लाव आणि त्यावर पुढे जाता येईल का हे समितीला विचार. 'कागदपत्रं अपूर्ण' असा शेरा मारून फाइल परत करणं सर्वांत सोपं, म्हणून ते सर्वांत जास्त होतं.

कोणता पैसा कुठून आला हे तुला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, त्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी असली तरीही. म्हणजे गटांना जाणारं अनुदान देशातल्याच पैशातून. लेजर वेगळं, खातं वेगळं. 'या महिन्यापुरतं इकडून तिकडे' असं कुणी म्हणालं तर लेखी मागून घे. लेखी कुणी देत नाही, आणि विषय तिथेच मिटतो.

अर्ज वाचताना अंदाजपत्रकातल्या बारीक रकमांकडे नीट बघ. वनहक्काचं काम करणाऱ्या संघटनेने झेरॉक्सला १५,००० रुपये मागितले की शहरातल्या माणसाच्या भुवया उंचावतात. हिशेब मांड. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. १०० दावे, प्रत्येकी २५ पानं, ३ प्रती, म्हणजे ७,५०० पानं. पानाला २ रुपये धर. १५,०००. टिपणात हे दोन ओळींत लिहिलंस तर रक्कम कापली जात नाही. न लिहिलंस तर ती कापली जाईल आणि कार्यकर्ता स्वतःच्या खिशातून भरेल. उलट सगळ्या रकमा गोल असलेलं, कुठल्यातरी सल्लागाराने गुळगुळीत करून दिलेलं अंदाजपत्रक आलं तर गटाला फोन करून एकेक रकमेचा हिशेब तोंडी विचार. त्यांना सांगता आलं नाही तर ते काम त्यांचं नाही.

व्हाउचरचा जाच तुझ्याकडून कमी होऊ शकतो. घाटातली काळी-पिवळी पावती देत नाही, हे करारातच मान्य करून घे. त्याऐवजी प्रवास तक्ता: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती जण, रक्कम, सही. अंगठा असेल तर शेजारी नाव आणि एका साक्षीदाराची सही. ५,००० च्या वरच्या पावतीला १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. आणि एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर आयकरात तो खर्च धरत नाहीत, हे गटाला शिबिराच्या आधी सांग. ६० जणांचं दोन दिवसांचं कळण्याची भाकरी आणि भरीत बचत गटाने रांधलं, बिल १४,००० झालं आणि रोखीने चुकतं केलं, की ऑडिटमध्ये ते लाल शाईत येतं. बचत गटाच्या खात्यावर चेक दिला असता तर प्रश्नच नव्हता. बिलाचे दोन तुकडे करून दोन नावांवर टाकायचा सल्ला कधीही देऊ नकोस. गट तो ऐकेल, कारण तू देणाऱ्यांकडची आहेस.

फोन सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. दिवसभर माणसं शेतात असतात आणि पुष्कळ पाड्यांवर नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. पोर्टलची लिंक पाठवून मोकळी होऊ नकोस. अहवाल पावरी, भिली, अहिराणी कशातही व्हॉइस नोटवर येऊ दे. लिहून काढ, पावरी-भिली कळत नसेल तर कळणाऱ्याला सोबत बसव, आणि लिहिलेलं परत वाचून दाखव. प्रोसिडिंग बुकातल्या (सभांच्या नोंदवहीतल्या) पानांचे फोटो पुष्कळदा आपल्या दहा पानी फॉर्मपेक्षा जास्त सांगतात. (तो फॉर्म दहा पानांचा का आहे, हे सहा महिन्यांनी विचार. लगेच विचारलंस तर कुणी मनावर घेणार नाही.)

एका बाबतीत मात्र कडक राहा. डाकीण ठरवलेली बाई, जातपंचायतीने वाळीत टाकलेलं कुटुंब, घरातल्या मारहाणीची केस: यांच्यापैकी कुणाचंही नाव, पाडा किंवा फोटो अहवालात जाता कामा नये. फक्त नाव गाळून भागत नाही. ४० घरांच्या पाड्यात 'तीन मुलींची विधवा आई' म्हटलं की सगळ्यांना कळतं. तालुका लिहून थांब. मूळ कागद कुलपात, आणि चावी कुणाकडे आहे याची नोंद.

'पैसा कव्हय येतीन, ताई?' हा प्रश्न रोज येईल. 'होऊन जाईल' म्हणू नकोस. त्या शब्दावर कुणीतरी दुकानदाराकडून उधारी उचलतं. फाइल कुणाच्या टेबलावर आहे, पुढची बैठक कोणत्या तारखेला, इतकंच सांग. नकार असेल तर निर्णयाच्या आठवड्यातच, फोनवर, मराठीत आणि कारणासह. पत्र नंतर जाऊ दे. 'निधीअभावी' हे कारण खरं असेल तेव्हाच लिही.

भेटीला गेलीस की खुर्ची पुढे येईल, नारळ येईल, मॅडम म्हणतील. नारळ तिथल्या पोरांत फोडून वाट. जेवण झालं तर त्याचे पैसे आपल्या प्रवास खर्चातून दे, गटाच्या अनुदानातून नाही.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक कर. प्रत्येक गटाच्या फाइलच्या आतल्या बाजूला त्यांच्या गावचा बाजारवार पेन्सिलीने लिही. गटाच्या खात्यावर सही करणाऱ्या दोघी त्याच दिवशी तालुक्याला येतात. बँकेचं, नोटरीचं, ठरावाचं जे काही असेल ते त्या दिवशी ठेव, आणि तू स्वतः भेटीला मात्र दुसऱ्या वारी जा.

तुझे,
जुने सहकारी